न खेळता घसरलेला संघ

७ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने हंगामाची शेवटची क्रमवारी जाहीर केली आणि नोटर डेम विद्यापीठाचा संघ दहाव्या क्रमांकावरून अकराव्यावर गेला. त्या आठवड्यात हा संघ मैदानात उतरलाच नव्हता. ज्याने त्याला मागे टाकलं तो मायामीचा संघही घरीच बसून होता. खेळला होता तो तिसराच, बीवाययू म्हणजे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ. आधीच्या क्रमवारीत नोटर डेम दहावा, बीवाययू अकरावा आणि मायामी बारावा होता. बीवाययूने टेक्सास टेककडून ३४-७ असा मार खाल्ला, तो खाली सरकला, आणि मायामी थेट नोटर डेमच्या डोक्यावर जाऊन बसला. प्लेऑफच्या, म्हणजे अजिंक्यपद ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, १२ जागांपैकी पाच विभागीय विजेत्यांसाठी राखीव असतात. त्यातले दोन विजेते क्रमवारीत बरेच खाली होते, त्यामुळे बाकीच्यांसाठी दहावा क्रमांक ही शेवटची पायरी ठरली. मायामी आत गेला, नोटर डेम बाहेर राहिला. रागावलेल्या नोटर डेमने प्लेऑफबाहेरच्या संघांसाठी असणारा बोल सामनाही नाकारला.

समितीचं स्पष्टीकरण साधं होतं. दोन्ही संघांच्या खात्यात १० विजय आणि २ पराभव. ३१ ऑगस्टला ते एकमेकांशी खेळले होते आणि मायामी २७-२४ असा जिंकला होता. पण मध्ये बीवाययू होता तोवर दोघांची समोरासमोर तुलना करायची वेळ आली नाही. तो मधून हटला, दोघे शेजारी आले, आणि ऑगस्टचा निकाल मोजला गेला.

हे ऐकून कोणीही म्हणेल, तीन महिने काय झोपला होतात? मात्र समिती बदलली, संगणक आणला, सगळ्या पत्रकारांना मतं द्यायला लावली, तरी या खेळात असं काहीतरी होणारच. याची कारणं माणसांच्या लबाडीत शोधण्याआधी गणितात शोधावीत.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि धडका मारण्याचा खेळ. शरीराची इतकी मोडतोड होते की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शक्य नाही. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात २०२५ साली १३६ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर ९,१८० सामने लागतील. प्रत्यक्षात होतात जास्तीत जास्त ८१६, म्हणजे शंभर संभाव्य जोड्यांपैकी नऊसुद्धा भिडत नाहीत. शिवाय संघ एसईसी, बिग टेन, एसीसी, बिग ट्वेल्व्ह अशा विभागांत वाटलेले, आणि बहुतेक सामने आपल्याच विभागात. दोन विभागांना जोडणारे धागे मोजकेच. त्या मोजक्या धाग्यांवरून कुठला विभाग भारी हे ठरवायचं आणि मग त्यातल्या प्रत्येक संघाचं वजन करायचं.

एमएचटी-सीईटी वेगवेगळ्या सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो आणि मग गुणांऐवजी पर्सेंटाइल काढतात. आपल्याकडच्या पालकांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. पण तिथे एका सत्रात हजारो मुलं बसतात, त्यामुळे पेपर अवघड होता की सोपा हे कळतं. इथे प्रत्येक उमेदवाराला फक्त बारा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्न म्हणजे दुसरा उमेदवारच! त्याची काठिण्यपातळी कळायला त्याचा निकाल हवा, आणि त्याचा निकाल समजून घ्यायला बाकीच्यांचा.

या गुंत्यावर पहिला उपाय म्हणजे माणसांना विचारणे. असोसिएटेड प्रेसची पत्रकारांची क्रमवारी १९३६ पासून नियमित निघते. प्रत्येक पत्रकार २५ संघांची यादी देतो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं शेवटच्याला १ पर्यंत, आणि मग बेरीज. मतमोजणीची ही पद्धत अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये ज्याँ-शार्ल द बोर्दा यांनी मांडली होती. त्यांचेच समकालीन कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवून दिलं की बहुमत गोल गोल फिरू शकतं: लोकांना अ हा ब पेक्षा बरा वाटतो, ब हा क पेक्षा, आणि क हा अ पेक्षा.

निवडणुकीत हे चक्र क्वचित दिसतं. फुटबॉलमध्ये ते २००८ साली टेक्सास आणि ओक्लाहोमात सगळ्या देशाने पाहिलं. ऑक्टोबरमध्ये टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असं हरवलं. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ असं हरवलं. निर्णायक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेघेपलीकडे नेणं) झालं तेव्हा घड्याळात एक सेकंद उरला होता. तीन आठवड्यांनी ओक्लाहोमाने टेक्सास टेकचा ६५-२१ असा फडशा पाडला. तिघांचेही ११ विजय, १ पराभव, आणि तिघे एकाच उपविभागातले. विभागाच्या अंतिम सामन्यात जाणार एकच. नियमानुसार राष्ट्रीय क्रमवारीत जो वर, त्याला जागा मिळाली, आणि तो निघाला ओक्लाहोमा. टेक्सासचे चाहते ४५-३५ असे फलक घेऊन ओरडत राहिले. त्यांचं चूक नव्हतं. पण टेक्सास टेकचे चाहते ३९-३३ म्हणाले असते तर तेही चूक नव्हतं. या तीन निकालांना मान देणारा सरळ क्रम अस्तित्वातच नाही. कोणताही क्रम लावा, एक तरी निकाल उलटा पडतो.

ती राष्ट्रीय क्रमवारी होती बीसीएसची (बोल चॅम्पियनशिप सिरीज). १९९८ ते २०१३ या काळात पहिला आणि दुसरा संघ ठरवून त्यांच्यात अजिंक्यपदाचा सामना लावायचं काम बीसीएस करत असे. माणसांची मतं आणि संगणकांचे गुण अशी खिचडी. २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांच्याही यादीत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ बीसीएसच्या यादीत तिसरा आला आणि अंतिम सामन्याबाहेर राहिला, तर विभागीय अंतिम सामन्यात ३५-७ असा आपटलेला ओक्लाहोमा पहिलाच राहिला. अंतिम सामना एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) जिंकला, पत्रकारांनी मात्र आपला विजेता सदर्न कॅलिफोर्नियाच ठरवला. एका हंगामाचे दोन विजेते. पुढच्या हंगामापासून माणसांच्या मतांना दोन तृतीयांश वजन देण्यात आलं. संगणक माणसांशी सहमत नसेल तर संगणकाचं वजन कमी करायचं! मग तो ठेवायचाच कशाला, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

त्या संगणकी पद्धतींपैकी वेस कॉली या खगोलभौतिकशास्त्रज्ञाची पद्धत उघडून बघण्यासारखी आहे. सुरुवात फ्रेंच गणिती लाप्लासच्या जुन्या सूत्राने होते: विजयांत १ मिळवा, सामन्यांत २ मिळवा आणि भागा. एकही सामना न खेळलेल्या संघाला यातून अर्धा गुण मिळतो, कारण त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. एक सामना खेळून जिंकला तर दोन तृतीयांश. बाराच्या बारा जिंकले तर १३ भागिले १४, म्हणजे सुमारे ०.९३, पूर्ण १ कधीच नाही. पुढची पायरी प्रतिस्पर्ध्याची. ज्यांच्याशी खेळलात त्यांचे गुण अर्ध्याहून जास्त असतील तर तुमचे वाढतात, कमी असतील तर घटतात. पण त्यांचे गुण तुमच्या गुणांवर अवलंबून! म्हणून एकेकाचे गुण सुटे काढता येत नाहीत. जितके संघ तितकी समीकरणं मांडून ती एकदम सोडवायची. समजा अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं आणि अ व क भेटलेच नाहीत. उत्तर येतं अ ०.६७, ब ०.५०, क ०.३३. न झालेल्या सामन्याबद्दलही पद्धत काहीतरी सांगते. आता क ने अ ला हरवलं असं धरा. तिघांनाही नेमका ०.५० मिळतो. २००८ च्या त्या तीन संघांचे एवढेच सामने दिले असते तर कॉलीच्या गणिताने हात वर केले असते, आणि तेच प्रामाणिक उत्तर होतं.

किती गुणांनी जिंकलात हे कॉली बघत नाही. बाकीच्यांपैकी काही जण बघत, पण २००२ पासून बीसीएसने सगळ्यांनाच ते बंद करायला लावलं. आदल्या वर्षी नेब्रास्का कोलोरॅडोकडून ६२-३६ असा हरूनही अंतिम सामन्यात पोहोचला होता आणि संगणकांवर टीका झाली होती. शिवाय फरक मोजला तर दुबळ्या संघाला उगाच तुडवण्याची सवय लागते, हेही खरंच. गंमत अशी की पुढचा सामना कोण जिंकेल याचा अंदाज बांधायला विजयाचा फरक फार उपयोगी पडतो. संगणकी पद्धतींपैकीच एक चालवणारे जेफ सॅगरिन यांनी बीसीएससाठी फरक न मोजणारी क्रमवारी दिली, पण अंदाजासाठी स्वतःची वेगळी क्रमवारी ठेवली. एकाच माणसाच्या एकाच माहितीवरून दोन याद्या, कारण प्रश्न दोन आहेत. आजवर कोणी जास्त कमावलं हा एक, आणि उद्या कोण जिंकेल हा दुसरा.

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होतं ते २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटला कळलं. तोपर्यंत बीसीएस जाऊन चार संघांचं प्लेऑफ आलं होतं (२०१४ च्या हंगामापासून) आणि निवड १३ जणांच्या समितीकडे गेली होती. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, आपला विभागही जिंकला. पण नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता. समितीने एक पराभव पत्करलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. महत्त्वाचा खेळाडू नसेल तर ते विचारात घ्यायची मुभा समितीच्या नियमांत होती, तेव्हा नियम मोडला असं म्हणता येत नाही. पुढे बोल सामन्यात, डझनावारी खेळाडू गैरहजर असताना, फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला आणि समितीच्या बाजूच्या लोकांनी ‘बघा!’ म्हटलं. यातून काही सिद्ध होत नाही. हरलेला तो संघ तेरा सामने जिंकणारा संघ नव्हताच. शिवाय पहिल्याच प्लेऑफमध्ये, २०१४ साली, ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जखमी होते. तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि विस्कॉन्सिनला ५९-० असं हरवलं. समितीने ओहायो स्टेटला चौथी जागा दिली आणि त्या तिसऱ्या पोराने अलाबामा व ओरेगनला हरवून विजेतेपद आणलं. ट्रॅव्हिसच्या बदली खेळाडूंकडून तसं झालं नसतं कशावरून?

आता नोटर डेमकडे. १९५१ मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर अनेकांच्या पसंतीक्रमांतून एक क्रम बनवणारी कोणतीही पद्धत काही अगदी वाजवी अटी एकाच वेळी पाळू शकत नाही, एकाच माणसाची हुकूमत चालवली तरच अपवाद. त्यातली एक अट अशी: अ आणि ब यांचा आपसातला क्रम क कुठे आहे यावर अवलंबून असू नये. बीवाययू हरला म्हणून मायामी नोटर डेमच्या वर गेला, इथे नेमकी हीच अट मोडली. समितीची पद्धतच तशी आहे. आधी सदस्य सहा संघ निवडतात, त्यांना एक ते सहा क्रम देतात, ज्यांची बेरीज कमी ते तीन वर बसतात. मग नवे तीन आत घेऊन पुन्हा तेच. कोणत्या टप्प्याला कोण शेजारी आहे यावर तुलना ठरते. अ‍ॅरोंच्या प्रमेयाकडे बोट दाखवून समितीला मोकळं सोडावं असं मात्र मला वाटत नाही. त्याच शेवटच्या क्रमवारीत अलाबामा आपला विभागीय अंतिम सामना २८-७ असा हरूनही नवव्या क्रमांकावरच राहिला. बीवाययूला पराभव लागू, अलाबामाला नाही, याला कुठल्याही प्रमेयाचा आधार नाही.

माझं मत विचाराल तर मी बंद खोलीतल्या शहाण्यांपेक्षा उघड्यावरचं ओबडधोबड सूत्र घेईन. २०१० मध्ये बीसीएसच्या सहा संगणकी पद्धतींपैकी फक्त कॉलीची पूर्ण जाहीर होती. त्याच्या शेवटच्या यादीत चूक निघाली: खालच्या गटातला अ‍ॅपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय हा सामना भरायचा राहून गेला होता. वरच्या संघांशी त्याचा दुरूनही संबंध नव्हता, पण समीकरणं एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे तो भरताच बीसीएसच्या यादीत एलएसयू दहाव्यावरून अकराव्यावर आला आणि बॉइझी स्टेट दहावा झाला. ही चूक सापडली कारण बाहेरच्या माणसाला आकडेमोड करून बघता आली. बाकीच्या पाचांत किती चुका राहिल्या ते त्यांनाच ठाऊक, आणि समितीच्या बाबतीत तर तपासायला आकडेमोडच नसते.

२०२४ पासून १२ संघ घेऊ लागले, आणि आता १६ किंवा २४ घ्या अशी मागणी आहे. जास्त जागा म्हणजे जास्त न्याय, हे वरवर पटतं. पण समजा देशातला सर्वोत्तम संघ कोणत्याही तगड्या संघाला दहापैकी सात वेळा हरवतो. बीसीएसच्या एका सामन्यात त्याला विजेतेपदाची शक्यता ७० टक्के. चार संघांच्या प्लेऑफमध्ये दोन सामने, ४९ टक्के. बारा संघांत पहिली फेरी माफ असली तरी तीन सामने, ३४ टक्के. माफ नसेल तर चार, म्हणजे २४ टक्के. २०२४ मध्ये पहिली फेरी माफ असलेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. अपराजित आणि अव्वल ओरेगनही त्यात होता, आणि त्याला ४१-२१ असं हरवणारा आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट चार सामने जिंकून विजेता झाला. जो दार ठोठावतोय त्याच्यासाठी मोठं प्लेऑफ न्याय्य, जो तीन महिने जिंकत आला त्याच्यासाठी नाही.

आणि दाराशी चालणारं भांडण तरी मिटेल का? संघांची ताकद साधारण घंटेच्या आकाराच्या आलेखासारखी पसरलेली असते असं धरलं, तर अगदी वरच्या टोकाला संघ विरळ असतात. पहिल्या आणि चौथ्यात फरक दिसतो. खाली येऊ तशी दाटी वाढते. चोविसाव्या आणि पंचविसाव्यातला फरक बारा सामन्यांतून मोजताच येत नाही, एखाद्या वाऱ्याने भरकटलेल्या किकवरही तो उलटू शकतो. आपण जागा वाढवतो तेव्हा रेघ नेमकी याच दाटीत नेऊन ओढतो. आणि तिथे रेघेबाहेर राहिलेला एकच संघ नसेल, तीन-चार असतील, प्रत्येकाच्या हातात आपापला ऑगस्टचा निकाल घेऊन.