पाटीवर उर्दू चालते का?

आमच्याकडे पाटीची ऑर्डर देताना हा प्रश्न हमखास येतो: "मराठीखाली उर्दू टाकली तर काही अडचण नाही ना?" नाही. क्रम आणि आकार तेवढा सांभाळायचा.

महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरीतली मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं इतर कुठल्याही भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. हे पाळलं की खाली उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही. पंचाईत होते ती मापाची. नस्तालीक, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणातली, अक्षरं तिरकी उतरत जातात, त्यांना उंची जास्त लागते, आणि बघता बघता उर्दूच मोठी दिसू लागते. म्हणून आम्ही मराठीचं माप आधी ठरवतो, उर्दू मागाहून बसवतो.

सरकारी पाटीचं काय? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती. तेवढ्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की स्थानिक प्राधिकरणांसाठीचा २०२२ चा राजभाषा कायदा मराठी बंधनकारक करतो, पण जोडीला उर्दू लिहायला मनाई करत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीतली, असंही निकालात आहे. पातूरची पाटी राहिली.

याच्या मुळाशी राज्यघटना आहे. आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, उर्दू सुरुवातीपासून आहे. कलम २९ भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क देतं. आम्हा पाटीवाल्यांना त्यातला 'लिपी' हा शब्द फार जवळचा! कलम ३० अल्पसंख्याकांनी शाळा काढण्याचं, ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांच्या मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाचं. भाषिक अल्पसंख्य कोण, हे राज्यागणिक ठरतं. त्यामुळे बेळगावात हीच कलमं मराठी माणसाच्या उपयोगी पडतात.

आता आमची विनंती. उर्दू मजकूर मोबाइलवर देवनागरीत टाइप करून पाठवू नका. उर्दू लिपीत, नुक्ते (अक्षरांचे ठिपके) स्पष्ट दिसतील असा द्या. 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक फक्त एका नुक्त्याच्या जागेचा, वर की खाली. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दू अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमाने येतात, म्हणून छापण्याआधीचा नमुना उर्दू वाचता येणाऱ्या माणसाला दाखवूनच त्यावर सही करा. सही झाल्यावर सापडलेल्या चुकीमुळे पाटी नव्याने करण्याचा खर्च ग्राहकाकडे राहील.