वस्तऱ्याची धार आणि सात परीक्षकांचे कोडे

हौसेने वस्तरे पाजवणाऱ्यांमध्ये धार सिद्ध करण्याची एक रीत फार लोकप्रिय आहे. डोक्याचा एक केस चिमटीत धरायचा, त्याचे मोकळे टोक धारेवर अलगद सोडायचे आणि केस तुटून पडला की वस्तरा तयार झाल्याचे जाहीर करायचे. हे दृश्य देखणे असते आणि त्यात फसवणूकही नसते, कारण बोथट पात्याने असा केस तुटत नाही. परंतु अनेकांनी पाजवलेल्या वस्तऱ्यांतून सर्वोत्तम कोणता हे याच कसोटीवर ठरवू लागलो, तर आपण वस्तऱ्याची कमी आणि केसाची अधिक परीक्षा घेतो.

केसाच्या बाहेरच्या आवरणावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा केसाच्या टोकाकडे वळलेल्या असतात. त्यामुळे केस मुळाच्या बाजूने धरला की टोकाच्या, यावर धार खवल्यात अडकणार की त्यावरून घसरणार हे बरेचसे अवलंबून असते. केसाची जाडी माणसागणिक साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर असते. शिवाय केस ओला असला की केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध पाण्यामुळे सैल पडतात, केस फुगतो आणि कापायला सोपा होतो. दाढीपूर्वी चेहरा भिजवण्यामागचे कारण हेच. एवढे घटक मोकाट सोडून काढलेल्या निकालाला न्याय्य म्हणता येणार नाही.

मग यंत्राने मोजावे का? स्वयंपाकघरातील सुऱ्यांसाठी आयएसओ ८४४२-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सिलिका मिसळलेल्या विशिष्ट कागदाच्या गठ्ठ्यावर ठरलेल्या दाबाने सुरी फिरवतात आणि किती खोल काप गेला ते मोजतात. कापली जाणारी वस्तू सर्वांसाठी एकसारखी ठेवायची, हा त्यातला धडा मोलाचा आहे. वस्तऱ्याची अडचण मात्र अशी की त्याला कापायचे असतात केस आणि सांभाळायची असते त्वचा. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, प्रमाणाबाहेर घासलेल्या धारेवर पोलादाचा अतिपातळ पापुद्रा लोंबत राहू शकतो. तो पहिल्या कापात अप्रतिम भासतो आणि दाढी संपेपर्यंत वाकून किंवा तुटून जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केसही धारेचा टवका उडवू शकतो. त्यासाठी पाते केसाला तिरके लागावे लागते, पोलादाची सूक्ष्मरचना एकजिनसी नसावी लागते आणि केस नेमक्या कमकुवत जागी धारेला भिडावा लागतो. तेव्हा धारेची परीक्षा एका केसावर न घेता पूर्ण दाढीवर घ्यायला हवी आणि परीक्षकाला स्वतःचा चेहरा पुढे करावा लागेल, याला इलाज नाही.

चेहरा पुढे करायचा म्हटले की पहिला प्रश्न आरोग्याचा येतो. हेपटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, त्यामुळे एकच वस्तरा अनेकांच्या गालांवरून फिरवणे सर्वथा वर्ज्य आहे. क्लोरीनयुक्त जंतुनाशकात बुडवावे, तर कार्बन पोलादाच्या नाजूक धारेला गंजाचे खड्डे पडतात, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची तेच नासते. यावर सोपा तोडगा असा, की प्रत्येक स्पर्धकाने एकाच बनावटीचे तीन वस्तरे पाजवावेत आणि प्रत्येक वस्तरा एकाच परीक्षकाच्या चेहऱ्याला लागावा. हा तोडगा आरोग्यासाठी काढलेला असला तरी संख्याशास्त्राच्याही पथ्यावर पडतो, कारण एखादा वस्तरा नशिबाने उत्तम साधून जातो. तीनही साधले तर त्यात हाताचे कसब असण्याची शक्यता बरीच वाढते.

वस्तरे सारखे असणे म्हणजे काय, हेही आधी ठरवून घ्यावे लागते. वस्तरा पाजवताना त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी निसण्यावर टेकलेली असतात, म्हणून धारेचा कोन हातावर अवलंबून न राहता पाठीच्या जाडीवर आणि पात्याच्या रुंदीवर ठरतो. पाठ ४.५ मिलिमीटर जाड आणि पाते १६ मिलिमीटर रुंद असेल तर हा कोन सुमारे १६ अंश येतो, आणि पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावला तर तो साधारण एका अंशाने वाढतो. चिकटपट्टी चालेल की नाही, पाजवल्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर किती वेळा फिरवायचे, हे नियम त्यामुळे सर्वांना सारखेच असावेत. सुरुवातीला सगळ्या वस्तऱ्यांची धार काचेच्या कडेवरून हलकेच ओढून सारखीच बोथट करावी आणि कोणाला कोणते तीन मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो येतो; वाचकाने कागद-पेन्सिल जवळ ठेवल्यास बरे. समजा सात स्पर्धक आहेत : क, ख, ग, घ, च, छ, ज. परीक्षकही सात आहेत. एका परीक्षकाने सातही जणांचे वस्तरे तपासायचे तर सात दाढ्या होतील आणि पहिल्या दाढीची आठवण सातव्यापर्यंत टिकणार नाही. म्हणून प्रत्येकाला तीनच वस्तरे द्यायचे, ठरावीक अंतराने तीन दिवशी, पुढील क्रमाने : पहिल्याला क, ख, घ, दुसऱ्याला ख, ग, च, तिसऱ्याला ग, घ, छ, चौथ्याला घ, च, ज, पाचव्याला च, छ, क, सहाव्याला छ, ज, ख, आणि सातव्याला ज, क, ग. सात स्पर्धकांच्या एकूण जोड्या एकवीस होतात. यातली कोणतीही जोडी घ्या, ती नेमक्या एकाच परीक्षकाकडे एकत्र आलेली दिसेल. एकही जोडी सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. याहून गंमत म्हणजे प्रत्येक त्रिकुटातले पहिले अक्षर पहिल्या दिवसाचे, दुसरे दुसऱ्या दिवसाचे असे मानले, तर प्रत्येक दिवशी सातही स्पर्धकांचा एकेक वस्तरा वापरला जातो. तिसऱ्या दिवसापर्यंत परीक्षकांची त्वचा चुरचुरू लागली, तरी त्याचा तोटा कोणा एकालाच न होता सर्वांना सारखा होतो.

ही मांडणी घडते ती ०, १ आणि ३ या तीन आकड्यांच्या एका गुणधर्मामुळे. सातावर पुन्हा शून्य येणाऱ्या घड्याळात या तिघांमधले परस्परांतले फरक काढले, तर १ पासून ६ पर्यंतचा प्रत्येक फरक नेमका एकदाच मिळतो. त्रिकूट एकेक घर पुढे सरकवत गेले की वरची यादी आपोआप तयार होते. भूमितीत हीच रचना सात बिंदू आणि सात रेषांचे फानोचे प्रतल म्हणून ओळखली जाते. प्रयोगांच्या आखणीत तिला यूडन चौरस म्हणतात, कारण अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ यूडन यांनी १९३७ साली तंबाखूच्या पानांवरील विषाणूचे मापन करताना अशा मांडण्या वापरल्या होत्या. विषाणूच्या मापनातली युक्ती दाढीच्या साबणापर्यंत पोहोचावी, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

गुण देणे सोपे आहे. परीक्षकाने आपल्या तिघांना क्रम लावायचा : पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य. कोणालाही जास्तीत जास्त सहा गुण मिळू शकतात, आणि सहापैकी सहा मिळवणारा निर्विवाद विजेता वाटेल. पण सातही जण अगदी तुल्यबळ आहेत आणि परीक्षक केवळ अंदाजाने क्रम लावत आहेत असे धरले, तर एखाद्याला तिन्ही परीक्षकांकडे पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २७ मध्ये १ असते. दोघांना एकदम सहा गुण मिळणे अशक्य आहे, कारण ते दोघे कुठल्या तरी एका परीक्षकाकडे समोरासमोर येतातच. म्हणून अशा ‘निर्विवाद’ विजेत्याची एकूण शक्यता २७ मध्ये ७, म्हणजे जवळजवळ २६ टक्के भरते. निव्वळ नशिबावर चाललेल्या दर चार स्पर्धांपैकी सुमारे एकीत अजिंक्यवीर जन्माला येईल! हीच फेरी पुन्हा घेतली आणि त्याच स्पर्धकाला पुन्हा सहा गुण पडले, तर मात्र नशिबाची शक्यता ७२९ मध्ये ७, म्हणजे एक टक्क्याच्याही किंचित खाली येते.

सातही जागा स्पर्धकांना देऊ नयेत, असे माझे मत आहे. सहा स्पर्धक घ्यावेत आणि सातव्या अक्षराखाली आयोजकांनी मुद्दाम मध्यम निसण्यावरच थांबवलेले तीन वस्तरे गुपचूप ठेवावेत. ही खूणगाठ दोन्ही फेऱ्यांत तळाशी गेली नाही, तर परीक्षकांना फरक कळत नाही असे समजून निकाल बाजूला ठेवावा. अशा छुप्या तुलनेअभावी काय घडते याचे उदाहरण दाढीच्याच इतिहासात आहे. कारेल द्र्बाल या चेक अभियंत्याने पिरॅमिडच्या छोट्या प्रतिकृतीत ठेवलेले ब्लेड पुन्हा धारदार होते असा दावा केला आणि १९५९ साली त्याला चेकोस्लोव्हाकियात त्यासाठी पेटंटही मिळाले. पेटंटाचा शिक्का म्हणजे दाव्याची सिद्धता नव्हे, हे न जाणणाऱ्यांनी पुढे पिरॅमिडच्या गूढ शक्तीचा बाजार मांडला. निम्मी ब्लेडे साध्या चौकोनी खोक्यात ठेवून, कोणते कुठले हे न सांगता दाढी करवणे, एवढीच परीक्षा पुरेशी होती.

गुप्ततेबाबत एक बारकावा राहतो. काही नैसर्गिक निसणे धारेलगतच्या उतारावर धुरकट पोत सोडतात, तर अतिसूक्ष्म कृत्रिम निसणे आरशासारखी चकाकी देतात. जाणकार परीक्षक तेवढ्यावरून पाजवणारा ओळखू शकतो. म्हणून परीक्षकांना भिंग वापरू देऊ नये, वस्तरे सारख्या डब्यांत तेलाचा पातळ हात फिरवून द्यावेत, आणि अक्षरांची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने क्रम लिहून हाती येईपर्यंत परीक्षकांशी बोलू नये. दुसऱ्या फेरीपूर्वी अक्षरांच्या चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात, कारण पहिल्या फेरीत ‘क’ चांगला निघाला हे सात परीक्षकांपैकी निदान तिघांच्या लक्षात राहिलेले असते.