शिंगराला पहिला चीक पाजण्याआधी हे वाचा

शिंगरू एकदम धडधाकट जन्मतं, उठतं, पोटभर चीक पितं आणि दुसऱ्या दिवशी मलूल होऊन पडून राहतं, हिरड्या आधी फिक्या मग पिवळ्या, धाप लागते, कधीकधी लघवी लालसर-तपकिरी. "चीक बाधला" म्हणतात ना, तसंच होतं हे. घोडीच्या रक्तात नाही असा गट शिंगराला बापाकडून आलेला असतो आणि घोडीच्या अंगात त्या गटाविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर तुटून पडणारी प्रथिनं, आधीच तयार असतात, मागच्या एखाद्या वेताच्या वेळी तिचं नि शिंगराचं रक्त मिसळलेलं असतं किंवा तिला कधी रक्त चढवलेलं असतं, म्हणून पहिलटकरणीला हे सहसा होत नाही. घोडीच्या वारेतून अँटिबॉडी पोटातल्या पिल्लापर्यंत जात नाहीत, त्या जातात चिकातून, आणि मग शिंगराच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. घोडीला गाढवापासून झालेल्या खेचराच्या पिल्लात तर धोका जास्तच, कारण गाढवाच्या रक्तात असा एक घटक असतो जो कुठल्याच घोडीत नसतो.

आमच्या लॅबमध्ये आम्ही चीक आणि शिंगराचं रक्त जुळवून बघतो. चीक सलाइनमध्ये पातळ करत नेतो, प्रत्येक ट्यूबमध्ये रक्ताचा थेंब टाकून ती यंत्रात गरगर फिरवतो आणि ट्यूब उलटी करतो, रक्त सरळ ओघळलं तर ठीक, तळाला गठ्ठा चिकटून राहिला तर गडबड. १:१६ पर्यंत पातळ करूनही गठ्ठा होत असेल तर तो चीक पाजू नका, खेचराला ही हद्द १:६४ धरतात.

रिपोर्ट येईपर्यंत शिंगराला मुसकं बांधा, पण उपाशी ठेवायचं नाही हं, चीक तर त्याला हवाच, फक्त दुसऱ्या घोडीचा, तपासलेला. आईचा चीक पिळून टाकत राहा. २४ ते ४८ तासांनी आतड्यातून अँटिबॉडी शोषल्या जाणं बंद होतं, मग डॉक्टरांना विचारून आईला लावा, दूध तिचंच चालतं.

आधीच पिऊन आजारी पडलं असेल तर आमच्या टेस्टची वाट बघू नका, थेट डॉक्टरांना बोलवा आणि तोवर त्याला पळवू-दमवू नका. रक्त द्यायची वेळ आली तर बापाचं चालत नाही, आईच्या धुतलेल्या, म्हणजे अँटिबॉडी काढून टाकलेल्या, तांबड्या पेशी चालतात.

ज्या घोडीचं एक शिंगरू असं गेलंय तिचे दिवस भरत आले की आम्हाला आधी कळवा, सॅम्पलच्या ट्यूब देऊन ठेवतो, घोड्या बहुतेक रात्रीच वितात.