ते ज्योतवालं वाक्य सॉक्रेटिसचं नाहीये

"शिक्षण म्हणजे भांडं भरणं नाही, ज्योत पेटवणं" हे वाक्य शिक्षक दिन आला की सॉक्रेटिसच्या फोटोसकट फिरायला लागतं, पण ते त्याचं नाहीच. मुळात त्याने स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही, जे काय कळतं ते प्लेटो, झेनोफोन वगैरे लोकांकडून, आणि त्यात हे सापडत नाही. जवळपास असं म्हणणारा माणूस प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक, आणि तो सॉक्रेटिस इ.स.पू. ३९९ मध्ये गेल्यावर चारशेहून जास्त वर्षांनी जन्मला.

खरी गंमत पुढेच आहे. ते शिक्षकांसाठी नाहीच, निकांदर नावाच्या नुकत्याच वयात आलेल्या पोराला व्याख्यान कसं ऐकावं हे सांगताना प्लुटार्क म्हणतो की मन भरायचं नसतं, लाकडासारखं पेटवायचं असतं, आणि लगेच विचारतो, शेजाऱ्याकडे विस्तव मागायला गेलेला माणूस तिथेच शेकत बसला तर काय उपयोग? म्हणजे टोला विद्यार्थ्याला आहे, आपण तो मास्तरांना मारतो.

'रिपब्लिक'च्या सातव्या भागात प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलंय ते वेगळं, आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालता येत नाही, अख्खा जीवच उजेडाकडे वळवावा लागतो. पण त्याच पुस्तकात मुलांनी कुठल्या गोष्टी ऐकायच्या यावर कडक सेन्सॉरशिप पण आहे, कारण शिक्षण शेवटी नगरराज्य नीट चालावं म्हणून. ॲरिस्टॉटल तर सरळ म्हणतो, सगळ्या नागरिकांना शिक्षण एकच आणि सार्वजनिक हवं (गुलाम त्या नागरिकांत नाहीत हां). पोस्टरवर हे कोण छापणार!