डेक कोणत्या काळातला? कॅसेट डेकच्या बिघाडांमागची पार्श्वभूमी

कॅसेट डेक उघडण्याआधी तो साधारण कोणत्या सालचा आहे, हे पाहून घ्यावं. प्ले दाबल्यावर तीन सेकंदांत यंत्र बंद पडतं, ही तक्रार १९७५च्या डेकची असू शकते आणि १९८८च्या डेकचीही. पहिल्यात बहुतेक वेळा आकडे फिरवणाऱ्या काउंटरचा बारीक बेल्ट तुटलेला असतो. त्या काळी अनेक डेकमध्ये काउंटरच्या चाकालाच चुंबक बसवून टेप फिरते की नाही हे ओळखायची सोय होती. दुसऱ्यात काउंटर इलेक्ट्रॉनिक असतो. तिथे दोष निघतो तो रीळ फिरवणाऱ्या आयडलरच्या रबरात किंवा रिळाखालच्या सेन्सरवर साचलेल्या धुळीत. डेकची रचना दर दहा वर्षांनी बदलत गेली आणि तिच्यासोबत बिघाडही बदलले. घरी दुरुस्ती करणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असला, तर निम्मे स्क्रू खोलायची गरज पडत नाही.

मुळात कॅसेट संगीतासाठी नव्हतीच. फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथल्या चमूने लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखाली ती घडवली आणि १९६३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. सोबतचं ईएल ३३०० हे यंत्र मोनो होतं, बॅटरीवर चालायचं आणि बोलणं टिपून घ्यायला पुरेसं होतं. खिशात मावावं म्हणून टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरला. घरगुती स्पूल रेकॉर्डरची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद असायची आणि चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावायची. पुढे फिलिप्सने इतर कंपन्यांना विनामूल्य परवाना दिला. अट एवढीच, की मापं तीच राहतील. साठीच्या दशकातली कॅसेट आजही कुठल्याही डेकमध्ये वाजते ती या अटीमुळे. पण ती मापं कायमची गळ्यात पडली तीही याच अटीमुळे.

त्या मापांचा हिशेब समजून घेतला, की डेक इतका नाजूक का असतो ते कळतं. या वेगाला १५ किलोहर्ट्झच्या स्वराची टेपवरची तरंगलांबी जेमतेम ३.२ मायक्रॉन भरते. स्टिरिओच्या एका मार्गिकेची रुंदी साधारण ०.६ मिलिमीटर असते. टेपला टेकून तिच्यावरचा आवाज वाचणारं हेड उभ्या रेषेपासून एका अंशाच्या सहाव्या भागाइतकं कललं, तर मार्गिकेच्या वरच्या आणि खालच्या टोकांत पावणेदोन मायक्रॉनचा फरक पडतो आणि १५ किलोहर्ट्झला जवळजवळ ५ डेसिबलची घट होते. हा कोन म्हणजे ॲझिमथ. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूचा अर्ध्याहून कमी आटा फिरला, तरी गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटू लागतं. जुळवताना १० किलोहर्ट्झची चाचणी कॅसेट लावावी, डावी-उजवी वाहिनी एकत्र करून मोनो ऐकावं आणि आवाज सर्वांत तीव्र होईल तिथे स्क्रू थांबवावा. एक सावधगिरी: पूर्ण जुळणीच्या दोन्ही बाजूंना खोटी शिखरं लागतात. खरं शिखर सर्वांत उंच असतं, म्हणून पाव-पाव आट्याने दोन्हीकडे जाऊन खात्री करून मगच स्क्रूवर रंगाचा थेंब टाकावा. चाचणी कॅसेट नसेल, तर मूळ कंपनीची छापील, न झिजलेली कॅसेट घ्यावी. घरी भरून घेतलेली कॅसेट चालणार नाही, कारण तिच्यात ती भरणाऱ्या डेकचा कोन उतरलेला असतो.

कॅसेटला संगीताच्या दिवाणखान्यात आणलं ते अमेरिकेत, १९७०च्या आसपास. टेपची सळसळ कमी करणारी रे डॉल्बी यांची घरगुती वापरासाठीची 'बी' पद्धत १९६८ची. ड्यूपाँटची क्रोमियम डायऑक्साइड टेपही याच सुमारास आली. १९७१च्या ॲडव्हेंट २०१ या डेकमध्ये दोन्ही एकत्र आल्यावर हाय-फायवाले पहिल्यांदा कॅसेटकडे गंभीरपणे पाहू लागले. डॉल्बी बी ध्वनिमुद्रणाच्या वेळी मंद आवाजातले उंच स्वर १० डेसिबलपर्यंत वाढवते आणि वाजवताना तेवढेच उतरवते. त्यासोबत टेपची सळसळही उतरते. पण किती उतरवायचं हे ती टेपवरून येणाऱ्या पातळीवरून ठरवते. हेड मळलेलं असेल किंवा वाजवण्याची पातळी २-३ डेसिबलने खाली गेली असेल, तर डॉल्बीला स्वर आहेत त्याहून मंद भासतात आणि ती उंच स्वर गरजेपेक्षा जास्त कापते. मग लोक डॉल्बी बंद करून ऐकतात, 'आता आवाज मोकळा झाला' म्हणतात आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून पातळी जुळवणाऱ्या आतल्या छोट्या स्क्रूंना, म्हणजे ट्रिमरना, हात लावण्याआधी हेड स्वच्छ करावं, ॲझिमथ जुळवावा आणि मगच ४०० हर्ट्झ, २०० नॅनोवेबर प्रति मीटर (टेपवरच्या चुंबकत्वाचं माप) पातळीच्या कॅसेटने पातळी तपासावी. हा क्रम उलटा केला, तर मळाची भरपाई ट्रिमरने होते आणि पुढच्या सफाईनंतर सगळं पुन्हा चुकतं.

१९७३मध्ये नाकामिची या जपानी कंपनीने '१०००' नावाचा तीन हेडचा डेक काढला. ध्वनिमुद्रणाच्या हेडची फट रुंद हवी आणि वाजवण्याच्या हेडची मायक्रॉनभर किंवा त्याहून अरुंद, म्हणून एकाच हेडने दोन्ही कामं करणं ही तडजोडच होती. तिच्याच १९८२च्या 'ड्रॅगन' डेकमध्ये तर वाजता वाजता ॲझिमथ आपोआप जुळवणारी यंत्रणा आली. हे डेक आज महाग विकले जातात, पण घरी पहिल्यांदा हत्यार धरणाऱ्याने त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.

खरा बदल मात्र यांत्रिक भागात झाला आणि दुरुस्तीचं बहुतेक काम तिथेच असतं. सत्तरीच्या दशकातल्या डेकमध्ये पियानोसारख्या जड कळा असतात. बोटाचा जोर तरफांमधून थेट हेडच्या पाटीपर्यंत पोहोचतो. यात सहसा काही मोडत नाही. ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि कळ खाली राहत नाही किंवा हेड पूर्ण वर येत नाही. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून सरकत्या भागांवर पातळ थर द्यावा, टेप ओढणाऱ्या बारीक दांड्याच्या, म्हणजे कॅपस्टनच्या, बेअरिंगला हलक्या तेलाचा एकच थेंब. तेल बेल्टवर किंवा टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरवर गेलं, तर दुसरी दुरुस्ती सुरू होते.

त्या दशकाच्या अखेरीस सोलेनॉइड (विजेने खेचणारं चुंबक) आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारी बटणं आली. ऐंशीच्या दशकात खर्च वाचवायला सोलेनॉइडची जागा एका छोट्या मोटरने घेतली. ती बारीक बेल्टने दातेरी कॅम फिरवते आणि कॅम हेडची पाटी वर ढकलतो. हा कॅमचा बेल्ट १.२ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा चौकोनी असतो. तो सैल पडला की प्ले दाबल्यावर आत घरघर होते, हेड अर्ध्यावर येतं आणि परत जातं. इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं असं समजून सर्किट उपसत बसणारे पुष्कळ. एका स्वस्त रबराचा हा दोष असतो. बेल्ट बदलूनही तेच झालं, तर कॅमच्या जागेची खबर देणारा मोड स्विच काळवंडलेला असतो, तो साफ करावा.

काही डेकमध्ये बेल्ट सैल होत नाहीत, वितळतात. विशिष्ट मिश्रणाचं रबर हवेतल्या ओलाव्याने विघटित होतं आणि डांबरासारखं चिकट होऊन पुलीला, फ्लायव्हीलला (कॅपस्टनच्या जड चाकाला) आणि मोटरला लपेटून बसतं. हातमोजे घालून, आधी लाकडी काडीने मोठा भाग खरवडून, मग कापसाच्या काड्या आणि अल्कोहोल वापरून ते काढावं लागतं. पुलीच्या खाचेत किंचित राहिलं तरी नवा बेल्ट उड्या मारतो. नव्या बेल्टच्या मापासाठी बेल्टच्या वाटेवर दोरा फिरवून लांबी घ्यावी आणि आतला घेर तिच्यापेक्षा ५ ते ७ टक्के लहान निवडावा. याहून घट्ट बेल्टने मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो आणि स्वर थरथरतो.

स्वराच्या थरथरीतूनच दोषी भाग ओळखता येतो. २.५ मिलिमीटर व्यासाचा कॅपस्टन सेकंदाला सहा फेऱ्या मारतो. १२ मिलिमीटरचा पिंच रोलर सव्वा. सतारीचा लांब स्वर सेकंदाला एकदा-सव्वादा डोलत असेल, तर रोलर कडक किंवा वाकडा झालेला आहे. बारीक, जलद कंप असेल, तर कॅपस्टनवर टेपचा तपकिरी थर चढलेला असण्याची शक्यता जास्त. दहा मायक्रॉनचा थर वेग जवळजवळ पाऊण टक्क्याने वाढवतो. वेग जुळवायचा तो हे सगळं साफ झाल्यावर, डेक पंधरा मिनिटं चालू ठेवून. माबुची कंपनीच्या ईजी-५३० जातीच्या मोटरमध्ये मागच्या बारीक भोकातून वेगाचा आतला ट्रिमर फिरवता येतो. ३००० हर्ट्झची कॅसेट लावून फोनवरच्या वारंवारता मोजणाऱ्या ॲपने पाहावं आणि प्लास्टिकचाच स्क्रूड्रायव्हर वापरावा.

टेप खाणं ही सर्वांत बदनाम तक्रार. पिंच रोलर टेप पुढे ढकलत राहतो आणि पुढचं रीळ ती ओढून घेत नाही, एवढंच त्यात घडतं. रीळ ओढण्याचा जोर साधारण ३५ ते ६० ग्रॅम-सेंटिमीटर असावा. आयडलरचं रबर चकचकीत झालं असेल, तर बारीक पॉलिश पेपरने तात्पुरतं भागतं. टिकाऊ उपाय म्हणजे नवी रिंग. दोन्ही बाजूंना वाजणाऱ्या ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये हीच तक्रार एकाच दिशेला असू शकते, तेव्हा दोन्हीकडे तपासावं.

आपल्याकडे हा इतिहास थोडा वेगळ्या वाटेने आला. आयातीवर बंधनं असल्यामुळे परदेशी डेक आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्यांच्या सामानातून घरी पोहोचले. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या कंपन्यांनी देशी डेकही काढले. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटनी बाजार पालटला. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्यांनी शास्त्रीय संगीताच्या कॅसेट काढल्या. आणि गल्लोगल्ली गाणी भरून देणारी दुकानं निघाली. दुरुस्तीवर याचे तीन परिणाम अजून दिसतात. पहिला विजेचा. जपानी बाजारासाठीचा डेक १०० व्होल्टचा, अमेरिकी १२० व्होल्टचा. पाठीमागे व्होल्टेज निवडण्याची खाच आहे का, ते प्लग लावण्याआधी पाहावं. विजेच्या वारंवारतेवर फिरणारी एसी मोटर असलेला ६० हर्ट्झचा जुना डेक आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने सावकाश चालतो आणि ट्रान्सफॉर्मर बदलून ते सुधारत नाही. पुली बदलावी लागते. दुसरा परिणाम हेडचा. खरखरीत टेपवर वर्षानुवर्षं चाललेल्या परमॅलॉय या मऊ मिश्रधातूच्या हेडवर टेपच्या रुंदीचा खड्डा पडतो. नख फिरवल्यावर कड लागली, तर ॲझिमथ कितीही जुळवला तरी उंच स्वर परतणार नाहीत.

तिसरा, कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्याचा. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडांवर पांढुरकी बुरशी दिसली, तर ती कॅसेट नुकत्याच दुरुस्त केलेल्या डेकमध्ये अजिबात लावू नये. हेड आणि रोलर तर मळतातच, शिवाय पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच बुरशी लागते. आधी एखाद्या टाकाऊ प्लेअरमध्ये ती पुढे-मागे पूर्ण गुंडाळावी आणि नंतर तो प्लेअर साफ करावा.

बेल्ट, रिंगा, मोटर अजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधल्यावर मिळण्यासारख्या वस्तू आहेत. जुन्या डेकची मूळ हेड, कॅमची प्लास्टिकची चाकं आणि डॉल्बीच्या आयसी (चिप) मात्र नव्याने मिळणं कठीण. आजच्या नव्या डेकमध्येही जुन्या साध्या यंत्रणेच्या नकला बसवलेल्या असतात. म्हणून जुन्या डेकच्या या भागांसाठी त्याच मॉडेलचा दुसरा बंद डेक सुट्या भागांकरता घ्यावा लागतो. तो घेताना चालतो की नाही हे विचारण्यापेक्षा कॅसेटचं झाकण उघडून टॉर्चने हेडचा पृष्ठभाग पाहावा, आणि दुकानदार परवानगी देत असेल तर वरचं झाकण काढून कॅमच्या चाकाला तडा आहे का, तेवढं तपासावं.