क्रुसाची वाट

क्रुसाची वाट ही येशूच्या मरणाचं चिंतन करत, चालत चालत करायची प्रार्थना आहे. पिलात या रोमन सुभेदारानं येशूला मरणाची शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतचे चौदा प्रसंग ठरलेले आहेत, प्रत्येक प्रसंगाला 'स्थान' म्हणतात, आणि प्रत्येक स्थानापाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, मनन ऐकायचं, जरा वेळ गप्प राहायचं आणि गाण्याचं एक कडवं म्हणत पुढच्या स्थानाकडे निघायचं, बस एवढंच. लॅटिनमधे हिला व्हिया क्रुसिस म्हणतात, गोव्यात कोंकणीत खुर्साची वाट. मुख्यतः कॅथलिक लोकांची ही भक्ती, राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की दर शुक्रवारी होते आणि गुड फ्रायडेला तर जिथे कॅथलिक वस्ती आहे तिथे बहुतेक सगळीकडे होते, काही अँग्लिकन आणि लुथरन चर्चमधेही आता करतात.

चौदा स्थानं क्रमानं अशी येतात. शिक्षा होते, येशू क्रूस खांद्यावर घेतो, पहिल्यांदा पडतो, वाटेत आई भेटते, कुरेने गावच्या शिमोनाला जबरदस्तीनं क्रूस उचलायला लावतात, वेरोनिका त्याचं तोंड पुसते, तो दुसऱ्यांदा पडतो, जेरुसलेमच्या रडणाऱ्या बायकांशी बोलतो, तिसऱ्यांदा पडतो, त्याचे कपडे काढतात, खिळे ठोकतात, तो मरतो, त्याला खाली उतरवतात, कबरेत ठेवतात. संपलं. चौदाव्या स्थानावर दगड लागतो आणि वाट तिथेच थांबते, पुनरुत्थान, म्हणजे येशूचं परत जिवंत होणं, या यादीत नाही, आणि ही गोष्ट खूप जणांना खटकते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

चर्चमधे कशी होते

बहुतेक चर्चमधे ही स्थानं दोन्ही बाजूच्या भिंतींवर ओळीनं लावलेली असतात, वेदीजवळून सुरू होऊन एका भिंतीनं मागच्या दरवाजापर्यंत जायचं आणि दुसऱ्या भिंतीनं परत पुढे यायचं, त्यामुळे पहिलं आणि चौदावं स्थान बरोबर समोरासमोर येतं. लोक बघतात ती चित्रं किंवा कोरीव मूर्ती, पण नियमाप्रमाणे खरं स्थान म्हणजे त्या चित्रावर बसवलेला छोटासा लाकडी क्रूस, चित्र नसलं तरी चालतं, क्रूस पाहिजेच. (लहानपणी मला तो क्रूस म्हणजे फोटो लटकवायचा खिळा झाकायला लावलाय असं वाटायचं, खरं काय ते खूप उशिरा कळलं.)

फादर, मधे क्रूस धरलेला मुलगा आणि त्याच्या दोन बाजूंना मेणबत्त्या घेतलेली दोन मुलं, एवढेच स्थानावरून स्थानावर जातात, गर्दी असेल तर बाकीचे बाकातच राहतात आणि क्रूस जिकडे जाईल तिकडे अंग वळवतात. सातव्या-आठव्या स्थानापर्यंत सगळं चर्च वेदीकडे पाठ करून मागच्या दरवाजाकडे बघत उभं असतं, एरवी प्रार्थनेत असं कधी होत नाही. आणि गुडघे! चौदा वेळा खाली, चौदा वेळा वर. नवव्या स्थानाला येशू तिसऱ्यांदा पडतो तोपर्यंत म्हाताऱ्या बायका पुढच्या बाकाची कड धरून, आधी एक हात मग दुसरा हात टेकवत हळूहळू खाली जातात, बाकांची लाकडं करकरतात, आणि त्या करकरण्यात कोणीतरी वाचत असतं की तो परत पडला. माझ्या मते या भक्तीचं सगळं मर्म इथे आहे, चिंतन इथे फक्त डोक्यानं होत नाही, पाय आणि गुडघे पण करतात.

मननाचा मजकूर ठरलेला एकच नाही. अल्फोन्सस लिगोरी या इटालियन संताचा मजकूर अठराव्या शतकापासून सगळ्यात जास्त वापरला गेला, आजकाल धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चची वस्ती, आपापला तयार करतात, मग त्यात शिमोनाच्या जागी आजारी बापाला सांभाळणारा मुलगा येतो, रडणाऱ्या बायकांच्या जागी मुलगा गमावलेल्या आया येतात. चांगलं लिहिलेलं असेल तर आवाज फुटत नाही कोणाचा. दोन स्थानांच्या मधे जे कडवं म्हणतात ते पुष्कळ देशांत एका मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राचं भाषांतर असतं, क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईचं.

शुभवर्तमानात काय आहे, काय नाही

शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, मार्क आणि योहान त्यातल्याच दोघांचे लेखक. चौदातली पाच-सहा स्थानं बायबलमधे सापडत नाहीत. तीन वेळा पडणं नाही, आईची वाटेतली भेट नाही (ती क्रुसाखाली उभी होती हे योहान सांगतो), वेरोनिका तर नाहीच, आणि मेलेल्या मुलाला आईनं मांडीवर घेतलं हे तेराव्या स्थानाचं नेहमीचं चित्रसुद्धा लोकांच्या मनातून आलंय. वेरोनिका नावाचा अर्थ 'खरी प्रतिमा' असा लावतात, कारण तिच्या कापडावर येशूचा चेहरा उमटला अशी कथा आहे. शिमोन मात्र पक्का, मार्क तर त्याच्या दोन मुलांची नावंही देतो, अलेक्झांडर आणि रूफ, म्हणजे ज्यांच्यासाठी मार्क लिहीत होता त्या लोकांना ही मुलं माहितीतली असावीत. शेतावरून येणारा माणूस, त्याचा काही संबंध नाही, शिपायांनी धरला आणि लाकूड खांद्यावर टाकलं.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या गुड फ्रायडेला रोममधे एक वेगळी यादी वापरली, तिच्यात चौदाही स्थानं शुभवर्तमानातली, सुरुवात गेथशेमानेच्या बागेपासून, जिथे येशूला पकडलं, शिष्य पेत्राचं 'मी याला ओळखत नाही' म्हणणं आणि शेजारच्या क्रुसावरचा पश्चात्तापी चोर पण त्यात आले. चांगली यादी आहे. पण पडण्याची तीन स्थानं त्यातून गेली, आणि साध्या माणसाला सगळ्यात जवळची तीच वाटतात, म्हणून असेल, जुनी यादीच चालू राहिली.

जेरुसलेममधून जगभर

चौथ्या शतकाच्या शेवटी एगेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून लांबचा प्रवास करून जेरुसलेमला गेली आणि तिथे जे बघितलं ते आपल्या मैत्रिणींना लिहून कळवलं, म्हणून आपल्याला तिथली तेव्हाची पद्धत कळते. गुरुवारची रात्र लोक जैतुनाच्या डोंगरावर जागून काढायचे, पहाटे गेथशेमानेला उतरून अटकेचा उतारा वाचला की असा आक्रोश व्हायचा की लांब शहरापर्यंत ऐकू जावा, मग सगळे चालत शहरात यायचे. शुक्रवारी सकाळी क्रुसाचं लाकूड टेबलावर ठेवायचे, बिशप दोन्ही हातांनी ते धरून बसायचे आणि डीकन, म्हणजे त्यांचे मदतनीस सेवक, भोवती पहारा करायचे, कारण एकदा कोणीतरी चुंबन घेता घेता लाकडाचा तुकडा दातानं तोडून नेला होता म्हणे. आणि दुपारी बारा ते तीन क्रुसापाशी नुसतं वाचन, प्रार्थना आणि रडणं.

चौदा स्थानं तेव्हा नव्हती. जेरुसलेमची पवित्र ठिकाणं सांभाळायचं काम पोपनी 1342 मधे फ्रान्सिस्कन संन्याशांकडे अधिकृतपणे सोपवलं, ते यात्रेकरूंना ठिकाणं दाखवत फिरवायचे, त्यातून हळूहळू क्रम तयार झाला. 'स्टेशन' हा शब्द या अर्थानं विल्यम वे या इंग्लिश यात्रेकरूच्या लिखाणात येतो, तो 1458 आणि 1462 असा दोनदा तिथे गेला होता, आणि त्या काळात वाट उलटी चालायचे, कालवारीपासून, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या खडकापासून, पिलाताच्या घराकडे!

पण जेरुसलेमला जाणार कोण, पैसा पाहिजे, जीव हातात घेऊन जायला पाहिजे. मग लोकांनी वाटच आपल्या गावी आणली. न्यूरेंबर्गमधे आडाम क्राफ्ट या शिल्पकारानं दगडात सात प्रसंग कोरले, त्यांना सात 'पडणी' म्हणायचे, शहरापासून कब्रस्तानापर्यंतच्या रस्त्यावर, आणि प्रत्येक दगडावर लिहिलं की पिलाताच्या घरापासून इथपर्यंत अमुक पावलं. म्हणजे जर्मनीत चालताना पावलं मात्र जेरुसलेमची मोजायची. या सात 'पडण्यां'मधूनच पुढे तीन पडणं यादीत उरली असं अभ्यासक मानतात.

पुढचा इतिहास पोपच्या हुकमांचा आहे, थोडक्यात सांगायचा तर 1686 मधे फ्रान्सिस्कन चर्चमधे स्थानं लावायची आणि जेरुसलेमच्या यात्रेइतकं पुण्य तिथे मिळण्याची सवलत आली, 1726 मधे ती सगळ्या भाविकांसाठी झाली, आणि 1731 मधे बारावे क्लेमेंट यांनी चौदा हा आकडा पक्का केला आणि कुठल्याही चर्चमधे स्थानं लावायला वाट मोकळी केली. त्यानंतर पोर्ट मॉरिसचा लेओनार्ड हा फ्रान्सिस्कन प्रवचनकार इटलीभर पायी फिरला आणि एकट्यानं 572 ठिकाणी क्रुसाची वाट उभी केली, 1750 साली रोमच्या कोलोसियममधे पण त्यानंच. पोप गुड फ्रायडेला रात्री कोलोसियमला वाट करतात ती प्रथा सहाव्या पॉल यांनी 1964 मधे परत सुरू केली. 2020 मधे कोरोनामुळे ती सेंट पीटर्स चौकात झाली, चौक पूर्ण रिकामा, आणि मननं लिहिली होती पादुआच्या तुरुंगाशी संबंधित लोकांनी, कैदी, एका कैद्याची आई, एक तुरुंगातला शिपाई.

जेरुसलेममधे आजही फ्रान्सिस्कन दर शुक्रवारी दुपारी ही वाट चालतात. उमरिया शाळेच्या अंगणातून निघून बाजाराच्या गल्ल्यांतून, मसाल्याच्या आणि कपड्यांच्या दुकानांसमोरून, साधारण सहाशे मीटर, शेवटची पाच स्थानं पवित्र कबरेच्या चर्चमधे. पिलात बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला हेरोदाच्या राजवाड्यात उतरला होता आणि खरी वाट वेगळीच असणार असं बरेच संशोधक म्हणतात. मला यानं काही कमी झाल्यासारखं वाटत नाही, इतक्या शतकांत इतके लोक याच दगडांवरून रडत गेलेत.

मराठीत

येशूच्या दुःखसहनाचं चिंतन मराठीत खूप जुनं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट (कॅथलिक येशूसंघातला संन्यासी) 1579 मधे गोव्यात आला आणि त्यानं ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते 1616 मधे राचोलला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्यात मरण आणि पुनरुत्थान दोन्ही सविस्तर येतं. ते चर्चमधे वाचलं जायचं, म्हणजे कालवारीची गोष्ट इथल्या माणसांनी ज्ञानेश्वरीच्या वळणाच्या ओवीत ऐकली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, ते मराठी चर्चमधे आजही गातात.

प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्यांमधे क्रुसाची वाट सहसा नसते (ते 'वधस्तंभ' म्हणतात, कॅथलिक 'क्रूस'), त्यांच्याकडे उत्तम शुक्रवारी बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ही पद्धत मूळची पेरूमधल्या लिमा शहरातल्या जेझुइटांची, सतराव्या शतकातली. म्हणजे कॅथलिकांनी सुरू केलेली भक्ती अहमदनगर, पुण्याच्या प्रॉटेस्टंट घरांत आपली होऊन बसली, मला हे फार छान वाटतं.

वसईकडे शुक्रवारची वाट चर्चमधे तर असतेच, शिवाय वाडीतून, घरांच्या पडव्यांपाशी थांबत पण काढतात. टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, दोन मेणबत्त्या, वाऱ्यानं विझू नयेत म्हणून कोणीतरी हाताचा आडोसा धरून उभं. गुड फ्रायडेच्या दिवशी मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाची नेहमीची उपासना, नसते, वेदीवरचे कपडे काढलेले, आणि गुरुवारच्या रात्रीपासून घंटा बंद, तिच्या जागी लाकडाचा खडखडाट.

पंधरावं स्थान

वाट कबरेपाशी का थांबते, पुनरुत्थानाशिवाय क्रुसाला अर्थ काय, असा प्रश्न विसाव्या शतकात जोरात आला आणि बऱ्याच चर्चमधे पंधरावं स्थान जोडलं गेलं. साबिनो पालुंबिएरी या सलेशियन संघातल्या धर्मगुरूंनी तर 1988 मधे वेगळीच 'प्रकाशाची वाट' मांडली, तिच्यातही चौदा स्थानं, पण रिकाम्या कबरेपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, मग्दालीया मरीयेला येशू माळी वाटतो, अम्माऊसच्या रस्त्यावर दोघा शिष्यांना तो अनोळखी वाटसरू वाटतो, थोमा जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणतो. व्हॅटिकनच्या 2001 च्या लोकभक्तीवरच्या मार्गदर्शनात या वाटेचं कौतुक आहे, आणि क्रुसाच्या वाटेबद्दल एवढंच की ती पुनरुत्थानाची आस लावून संपावी.

जेरुसलेममधे हा प्रश्न इमारतीनंच सोडवलाय. पवित्र कबरेच्या चर्चला ऑर्थोडॉक्स लोक मुळातच 'अनास्तासिस', म्हणजे पुनरुत्थान, म्हणतात, आणि कालवारीचा खडक आणि कबर एकाच छपराखाली, काही पावलांवर आहेत. मरणाच्या जागेपासून उठण्याच्या जागेपर्यंत एकाच चर्चमधे चालत जाता येतं.

तरी मला स्वतःला चौदाच बरोबर वाटतात. शिष्यांना शनिवार पूर्ण काढावा लागला, त्यांना पंधरावं स्थान कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याच्या घरात नुकतंच माणूस गेलंय त्याला चौदाव्या स्थानापाशी बसू देणारी प्रार्थना लागते, लगेच पुढे ढकलणारी नाही. पंधरावं स्थान भिंतीवर लावायची गरज पण नाही. शनिवारी रात्री चर्चचे सगळे दिवे बंद करतात, बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी ईस्टरची मेणबत्ती लावतात आणि ती मागच्या दरवाजानं अंधारात आत येते. सातवं आणि आठवं स्थान आधी उजळतं, मग सहावं आणि नववं, मग पाचवं आणि दहावं, मागून लोक त्याच ज्योतीवरून आपापल्या छोट्या मेणबत्त्या लावत जातात, आणि ती मोठी मेणबत्ती पुढे नेऊन वेदीजवळ, पहिल्या आणि चौदाव्या स्थानाच्या मधोमध उभी करतात.