नेपोलियनला नक्की कुणी हरवलं? थंडीनं की वाटेनं?

रशियाच्या बर्फानं नेपोलियनचं सैन्य संपवलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तारखा आणि तापमान शेजारी शेजारी मांडलं, की ही समजूत अपुरी वाटू लागते.

१९ ऑक्टोबर १८१२ रोजी सुमारे एक लाख माणसं घेऊन नेपोलियन जिंकलेल्या मॉस्कोतून माघारी निघाला. आलेल्या वाटेनं त्याला परतायचं नव्हतं. स्मोलेन्स्कच्या त्या रस्त्यावरची कोठारं रशियनांनी माघार घेताना जाळली होती आणि उरलंसुरलं त्याच्याच सैन्यानं ओरबाडलं होतं. दक्षिणेकडे कालुगाच्या बाजूची गावं मात्र शाबूत होती.

त्या रस्त्यावर लुझा नदीकाठी मालोयारोस्लावेत्स हे लाकडी घरांचं छोटं गाव लागतं. २४ ऑक्टोबरला दिवसभर तिथं झुंज चालली. नेपोलियनचा सावत्र मुलगा युजीन याच्या तुकड्यांत बरेच इटालियन शिपाई होते. गाव वारंवार या हातातून त्या हातात गेलं, जळून गेलं. फ्रेंच जनरल देल्झोन पडला. रात्री गावाची राख फ्रेंचांच्या ताब्यात होती, पण कालुगाची वाट अडवून रशियन सेनापती कुतूझोव सगळं सैन्य घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे रशियाच्या कोसॅक घोडेस्वारांच्या छाप्यातून खुद्द नेपोलियन थोडक्यात वाचला. २६ तारखेला तो उत्तरेकडे, त्याच उजाड रस्त्याकडे वळला. त्याच सुमारास कुतूझोवही दक्षिणेला मागे सरकत होता! माझ्या मते मोहिमेचा निकाल इथंच लागला.

पहिली गेली ती घोडी. घोडा रवंथ करत नाही, त्याचं पोटही लहान. दिवसातले कित्येक तास चरणं आणि कष्टाच्या कामाला वर दाणा, हे त्याला लागतंच. वैरण नव्हती, म्हणून छपराचं गवत उपसून घातलं गेलं. पुढं रस्ते गोठल्यावर बर्फावर पकड घेणारे नाल बहुतेकांना नव्हते. घोडी पडली तशा तोफा आणि रसदगाड्या मागे राहिल्या.

फ्रेंच अभियंता शार्ल मिनार यानं १८६९ मध्ये काढलेल्या नकाशात सैन्याची संख्या पट्ट्याच्या जाडीनं दाखवली आहे. मॉस्कोत १,००,०००, परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडच्या व्याझ्मा गावापाशी ५५,०००. खालच्या तापमानाच्या रेषेवर २४ ऑक्टोबरला नुसता ‘पाऊस’ लिहिलाय. उणे ९ रेओम्यूर (तापमानाचं जुनं माप), म्हणजे साधारण उणे ११ सेल्सिअस, ही नोंद येते ९ नोव्हेंबरला, व्याझ्मा मागे पडल्यावर. थंडीनं पुढं हजारो बळी घेतले हे खरंच, पण तिच्या तडाख्यात सापडलेलं सैन्य आधीच निम्मं आणि उपाशी होतं.

डिसेंबरात विल्नियसला (आजच्या लिथुआनियाच्या राजधानीत) पोचलेल्यांचं काय झालं, ते २००१ मध्ये तिथं सापडलेल्या सामूहिक दफनातून कळतं. तीन हजारांहून अधिक सांगाडे निघाले. २००६ मध्ये तिथल्या मातीतल्या उवांच्या अवशेषांत खंदकज्वराच्या, म्हणजे उवांमुळेच पसरणाऱ्या एका तापाच्या, जंतूंचा डीएनए मिळाला. काहींच्या दातांत प्रलापक सन्निपात ज्वराचा, म्हणजे टायफसचाही. २०२५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तेरा जणांचे दात तपासले. त्यांत टायफस आढळला नाही. आढळले ते दूषित अन्नपाण्यातून होणारा पॅराटायफॉइड आणि अंगावरच्या उवांमुळे पसरणारा पुनरावर्ती ज्वर. तेरा दातांवरून तीन हजार मृत्यूंचा हिशेब लागत नाही, हे उघड आहे. पण ज्वराचे हे झटके धडधाकट माणूस बऱ्याचदा सोसू शकतो; आठवडेच्या आठवडे उपाशी चाललेल्या, गारठलेल्या शरीराला ते सोसवत नाहीत.